चौघांच्या चालीनं

फेल्समन या शर्यतीत दिवसा तुम्ही कितीही जोरात पळा, अंधार पडायच्या सुमाराला तुम्हाला थांबवतात. चेकपॉइंटच्या तंबूत मार्शल बसलेला असतो. तो तुमचा नंबर वहीत लिहितो, बाकाकडे बोट दाखवतो आणि आणखी किमान तिघं गोळा होईपर्यंत तुम्हाला सोडत नाही. चौघं जमले की त्यांचा गट. तिथून पुढे संयोजक मोकळं करीपर्यंत चौघांनी बरोबरच राहायचं. एकाला बुटाची नाडी बांधायची असेल तर चौघं थांबणार. पळणाऱ्यांत या नियमाबद्दल कुरकुर फार. मला विचाराल तर या सगळ्या शर्यतीत जपून ठेवावी अशी गोष्ट ती हीच. आधी पळणारी म्हणून आणि आता त्याच तंबूत वही घेऊन बसणारी म्हणून मी हे सांगते आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर डेल्समध्ये ही शर्यत होते. कीथलीकडच्या स्काउट मंडळींनी ती १९६२ मध्ये सुरू केली. इंगल्टन गावातून निघायचं आणि डोंगरांवरून भला मोठा वळसा घेत थ्रेशफील्डला पोचायचं. अंतर साधारण ६० मैल, म्हणजे ९६-९७ किलोमीटर. चढ सगळा मिळून ११ हजार फुटांच्या वर. शनिवारी सकाळी निघालेली माणसं रविवारी उजाडल्यावरही येत राहतात. पळणारे असतात तसे नुसते चालणारेही असतात, आणि कुणी कुणाला कमी लेखत नाही. मार्ग आखलेला नसतो. खुणेच्या फिती नाहीत, बाण नाहीत. ठरलेल्या ठिकाणी पोचायचं, गळ्यातल्या टॅलीला, म्हणजे नोंदीच्या बिल्ल्याला, तिथल्या चिमट्यानं भोक पाडून घ्यायचं. मधला प्रवास कसा करायचा ते ज्याचं त्यानं नकाशा बघून ठरवायचं.

मी नाशिकची. कॉलेजात असल्यापासून शनिवार-रविवार सह्याद्रीत. नोकरीसाठी लीड्सला आले आणि इथल्या डोंगरांच्या उंच्या वाचल्या तेव्हा हसूच आलं. इंगलबरो ७२३ मीटर. व्हर्नसाइड ७३६ मीटर, आणि तो म्हणे सगळ्यात उंच. आमचं नाशिक शहरच सहाशेच्या आसपास वसलेलं, कळसूबाई १६४६. पण उंची हा इथला मुद्दाच नाही. सह्याद्रीत वाट सापडेनाशी झाली की खाली बघायचं. कुठे तरी वाडी दिसते, गुरं दिसतात, आणि गुरांमागे एखादा दादा असतो, जो हातातल्या काठीनं सोंड दाखवून सांगतो की त्या आंब्यापासून डावीकडं घ्या. इथल्या मूरवर, म्हणजे डोंगरांवरच्या उघड्या माळावर, मेंढ्या आहेत, मेंढपाळ नाही. झाड नाही. कडा नाही, की ज्याच्या कडेकडेनं जावं. सपाट, भिजलेलं, तपकिरी रान सगळ्या बाजूंना सारखंच दिसतं, आणि ढग उतरला की तेही दिसत नाही. आमच्याकडे कोकणात असतात तसे बिनचुन्याचे दगडी गडगे मात्र मैलोन्‌मैल आहेत. नकाशावर ती एक बारीक काळी रेघ असते. रात्री दोन वाजता त्या रेघेइतकं जवळचं कुणी वाटत नाही.

दिवसाचा भाग मी झरझर सांगते, कारण तो तसाच जातो. इंगलबरोच्या सपाट माथ्यावर जुन्या तटबंदीचे दगड विखुरलेले आहेत. तिथं पोचेपर्यंत सगळे घोळक्यात, गप्पा मारत. व्हर्नसाइडला घोळका विरळ होतो. ग्रॅगरेथ आणि ग्रेट कोम करून फ्लिंटर गिलच्या घळीतून डेंट गावात उतरायचं. गावातल्या रस्त्यावर गोटे बसवलेले आहेत आणि भूवैज्ञानिक ॲडम सेजविक यांच्या स्मरणार्थ एक ओबडधोबड ग्रॅनाइटची शिळा उभी आहे. ते इथलेच, जन्म १७८५ चा. मग ब्ली मूर. त्याच्या पोटातून १८७०च्या दशकात खणलेला सुमारे अडीच किलोमीटरचा रेल्वेचा बोगदा जातो आणि धूर बाहेर पडावा म्हणून बांधलेली धुराडी अजून मूरवर उभी आहेत. एवढ्या निर्मनुष्य रानात विटांचं धुराडं बघून क्षणभर आपण भलत्याच ठिकाणी आलो की काय असं वाटतं. पुढे आर्टन गिलच्या उंच दगडी पुलाखालून चढ, ग्रेट नाउटबेरी, डॉड फेल. ऊन असेल तर टिटव्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडतात. कर्ल्यूही असतात, लांब वाकड्या चोचीचे. कोकणातल्या खाड्यांवर हिवाळ्यात दिसतात तेच, इकडे मात्र घरटं करायला मूरवर आलेले.

आणि मग फ्लीट मॉस.

इथं पीटची जमीन आहे. पीट म्हणजे न कुजलेल्या शेवाळाचे आणि गवताचे थर, पाण्यात बुडून राहिल्यामुळे हजारो वर्षं तसेच साचलेले. वर्षाला साधारण एक मिलिमीटर एवढीच त्याची वाढ. म्हणजे दोन मीटरच्या काळ्या भिंतीखाली उभं राहिलात तर दोन हजार वर्षांच्या खाली उभे आहात. आणि अशा भिंती फ्लीट मॉसवर चिक्कार, कारण हा पीट फाटलेला आहे. मूर सुकवून जास्त मेंढ्या चराव्यात म्हणून विसाव्या शतकात पेनाइन डोंगरांत सरकारी अनुदानावर चर खणले गेले. गिरण्यांच्या धुरानं पाऊस आम्लयुक्त झाला आणि पाणी धरून ठेवणारं स्फॅग्नम शेवाळ मेलं. चराई, आगी, वारा यांनी उरलेलं काम केलं. पाणी वाट काढत गेलं आणि पठाराच्या जागी घळींचं जाळं तयार झालं. यॉर्कशायर पीट पार्टनरशिपचे लोक आता तिथं घळींमध्ये बांध घालतात, काथ्याचे जाडजूड लोड आडवे टाकतात, शेवाळाची आणि कॉटनग्रासची रोपं लावतात. यॉर्कशायरच्या मूरवर अंधारात काथ्याला हात लागला की माझ्यासारखीला गंमत वाटते. जवळपास कुठे माड असायचा प्रश्नच नाही.

पळणाऱ्याच्या बाजूनं फ्लीट मॉस असा असतो. तुम्ही बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरची ठरलेली दिशा, धरून निघता. पंधरा पावलांवर घळ आडवी येते, पुरुषभर खोल, काठ ओला आणि निसरडा. बसून घसरत उतरावं लागतं. तळाला काळा चिखल, तो घोट्यापर्यंत आहे की मांडीपर्यंत हे पाय घातल्याशिवाय कळत नाही. समोरचा काठ चढता येत नाही म्हणून घळीतूनच डावीकडे जाता, ती वळते, तिला दुसरी मिळते. वर आल्यावर तोंड कुठल्या दिशेला आहे याचा पत्ता नसतो. पुन्हा होकायंत्र, पुन्हा पंधरा पावलं. पळणं हा शब्द इथं विसरायचा. सुदैवानं सध्या ब्रिटनमध्ये चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर जवळजवळ एकच आहे. जुन्या मंडळींना प्रत्येक वेळी काही अंश मिळवत बसावं लागे, आमची त्यातून सुटका झाली. दमलेल्या डोक्याला एवढी बेरीजही जड जाते.

माझा गट फ्लीट मॉसच्या रस्त्यावरच्या तंबूत ठरला होता. मी, साठी ओलांडलेले एक निवृत्त शिक्षक, एक प्लंबर आणि शेफील्डला शिकणारी एक मुलगी. प्लंबरची चाल आम्हा सगळ्यांत चांगली, आणि ते त्याला ठाऊक होतं. त्यानं शिक्षकांच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सूप संपवून नुसताच उसासा टाकला. मिडल टंग या पुढच्या चेकपॉइंटकडे निघालो तेव्हा साडेनऊ झाले असतील. पाऊस नव्हता, ढग खाली उतरला होता. डोक्यावरच्या टॉर्चचा प्रकाश ढगावर आपटून डोळ्यांत परत येत होता आणि पुढे पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. शिक्षक म्हणाले, "टॉर्च डोक्यावरून काढा, कमरेशी हातात धरा." धरला. पायाखालचं गवत दिसायला लागलं.

मग त्यांनी कामं वाटली, चाळीस वर्षं वर्गात वाटली असतील तशी, कुणाला विचारत न बसता. मुलीनं पावलं मोजायची. बऱ्या जमिनीवर शंभर मीटरला तिची डावी पावलं पासष्टच्या आसपास पडत. गवताच्या ठोंबांतून ती ऐंशी-नव्वदवर जातील असा तिचाच अंदाज. प्लंबरनं पुढे जायचं, दिवा दिसेनासा व्हायच्या बेताला थांबायचं आणि मागे वळून उभं राहायचं. मी होकायंत्र धरून त्याच्या दिव्याकडे बघायचं आणि ओरडायचं: डावीकडे, आणखी डावीकडे, थांब. मग आम्ही तिघांनी त्याच्यापर्यंत जायचं, वाटेत कितीही घळी येवोत, आणि पुन्हा त्यानं पुढे जायचं. घळीत उतरल्यावर दिशा हरवते ही अडचणच त्यामुळे राहत नाही, कारण वर आल्यावर कुठल्या दिव्याकडे जायचं ते ठरलेलं असतं. एकट्यानं हे करताच येत नाही. आणि गंमत अशी की सगळ्यात जलद माणसाचा सगळ्यात चांगला उपयोग त्याला मधूनमधून उभं करण्यातच होता. तासाभरात त्याची कुरकुर थांबली. तो पुढे जाऊन आपणहून म्हणायला लागला, "इथं खोल आहे, उजवीकडून या."

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी केली. मिडल टंगचा तंबू कुंपणालगत असणार हे ठरलेलं, पण धुक्यात नेमका तंबूवरच नेम धरला आणि तो दिसला नाही, तर कुंपणाशी पोचल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे हे कळत नाही. म्हणून मुद्दाम थोडं डावीकडे बेअरिंग धरायचं. कुंपण लागलं की हमखास उजवीकडे. म्हणजे जाणूनबुजून चुकीच्या जागी पोचायचं, पण चूक कुठल्या बाजूची हे हातात ठेवून. इथले लोक हे शाळकरी वयातच शिकतात. माझ्या इंजिनिअर डोक्याला ते इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास मला थंडी वाजली नाही.

क्रे नावाच्या वस्तीला उतरलो, रस्ता ओलांडला, बकडन पाइक चढलो. त्या ७०२ मीटरच्या धारेवर एक दगडी क्रूस आहे. ३० जानेवारी १९४२ ला रॉयल एअर फोर्सचं एक वेलिंग्टन विमान हिमवादळात इथं कोसळलं. आतली सगळी माणसं पोलिश. एकच वाचला, पाय मोडलेला. त्याला बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. कोल्हा भुकेला असेल तर वस्तीकडेच जाणार, असा हिशेब करून तो ठशांमागे सरपटत निघाला आणि खाली क्रेच्या वस्तीपर्यंत पोचला. पुढे १९७३ मध्ये हे स्मारक उभं राहिलं त्यात त्याचाच पुढाकार, आणि क्रुसाच्या पायाशी कोल्ह्याचं छोटं धातूचं तोंड बसवलेलं आहे. आम्ही चौघं तिथं थांबलो ते या गोष्टीसाठी नव्हे, मुलीच्या पोटरीत गोळा आला म्हणून. ती क्रुसाच्या चौथऱ्याला टेकून पाय ताणत होती तेव्हा शिक्षकांनी हे सांगितलं. प्लंबर पुष्कळ वेळा या धारेवरून गेला होता, पण कोल्हा त्यानं कधी पाहिला नव्हता. थांबायची वेळच आली नव्हती, असं तो म्हणाला.

फेल रनिंगची, म्हणजे इथल्या डोंगरांवरच्या पळण्याची, सगळी दंतकथा एकट्या माणसाची आहे. मेंढपाळ, वारा, डोंगर आणि तो. वॉसडेलचे जॉस नेलर खरोखरच मेंढ्या पाळत आणि खरोखरच दिवसभराचं काम करून डोंगर पळत. पण बॉब ग्रॅहम यांनी १९३२ मध्ये लेक डिस्ट्रिक्टची ४२ शिखरं चोवीस तासांत केली तेव्हाही त्यांच्याबरोबर वाट दाखवणारे मित्र होते, आणि आज त्या फेरीची नोंद हवी असेल तर प्रत्येक शिखरावर साक्षीला कुणी तरी बरोबर असावं लागतं. तेव्हा एकटेपणाची ही गोष्ट सांगणाऱ्यांनी घडवलेली आहे. डोंगरावरचं काम कायमच चारचौघांत चालत आलं आहे.

शर्यतीत पळणं बंद केलं त्याच्या दुसऱ्या वर्षीपासून मी मार्शल म्हणून जाते. पैसे नाहीत, सूप, चहा आणि डब्यातलं राइस पुडिंग मिळतं, म्हणजे वेलदोडा विसरलेली खीर. काम दिसायला सोपं. आलेला नंबर लिहायचा, टॅलीला भोक पाडायचं, वायरलेसवर कळवायचं. खरं काम आहे माणसाकडे बघणं. मूरवर माणूस गारठून कोसळायला बर्फ लागत नाही. ओले कपडे, वारा आणि पाच-सहा अंश पुरतात. २०१२ मध्ये हवामान इतकं बिघडलं की शर्यत मध्येच थांबवावी लागली होती. "कसं वाटतंय?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण यॉर्कशायरचा माणूस मरताना देखील "ठीक आहे" म्हणेल. मी म्हणते, "जरा हातमोजे काढा आणि जाकिटाची चेन उघडून दाखवा, आतले कपडे बघायचेत." बोटांना चेन सापडत नसेल तर त्याला ब्लँकेटमध्ये घालून शेगडीशी बसवायचं, आणि बोलण्यात जीभ जड होत असेल तर टॅली काढून घ्यायची. टॅली काढताना काही जण रडतात. एक धिप्पाड गृहस्थ मला म्हणाले, "लव्ह, मला खाली पाठवू नकोस, माझी बायको हसेल." पाठवलं.

गट जुळवणं त्याहून अवघड. नियम चौघांचा आहे, पण कुठले चौघं हे बरंचसं तंबूतल्या माणसावर असतं. सगळे सारख्या चालीचे मिळाले तर उत्तम, पण तसं क्वचित होतं. माझा आग्रह एवढाच की चौघांत नकाशा नीट वाचणारा निदान एक हवा आणि फ्लीट मॉस आधी ओलांडलेला एक हवा. बाकी जमतं. अनोळखी माणसं रात्रभर एकमेकांशी नीट वागतात असं मी म्हणणार नाही. चिडचिड होते, अबोला होतो, मिडल टंगच्या तंबूवाल्यांकडे माझ्या नावानं तक्रारी होतात. पण ती एकत्र पोचतात.

मागच्या वेळी रात्री अकराच्या सुमाराला तिघं बसले होते. तिघंही एकाच क्लबचे, एकाच रंगाच्या बनियनमध्ये, अंगात अजून जोर असलेले. अर्धा तास झाला, चौथा येईना. बसून बसून गार व्हायला लागले म्हणून मी त्यांना उड्या मारायला लावलं. "आम्ही तिघं एकमेकांना दहा वर्षं ओळखतो," त्यातली एक बाई म्हणाली, "तीन आणि चारात काय फरक पडतो?" मी म्हटलं, एकाचा पाय मोडला तर एकानं त्याच्याशी थांबायचं आणि दोघांनी मदत आणायला जायचं; तिघांत मदतीला एकट्यालाच जावं लागतं, तेही फ्लीट मॉसवरून. यावर ती काही बोलली नाही.

चौथा आला तो लंगडत. पन्नाशीचा, चालणारा, पळणारा नव्हे. मोजे काढायला लावले. दोन्ही टाचांना फोड, एक फुटलेला. बाकी माणूस ठणठणीत: चेन उघडली, नंबर खणखणीत सांगितला, दोन वाट्या पुडिंग खाल्लं. तो थांबायला तयार नव्हता आणि त्याला थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं. फोडांना पट्टी लावून होईस्तोवर ते तिघं माझ्याकडे टक लावून बघत होते. याच्यामागे आणखी कोण आहे, असं मी वायरलेसवर विचारलं. पुढचा माणूस तासभर मागे होता.

"हा तुमचा चौथा," मी म्हटलं.

त्यांच्यातल्या सगळ्यात उंच माणसानं घड्याळ बघितलं. मग त्यानं नकाशाची घडी उलगडली आणि फोडवाल्याला विचारलं, "या बाजूनं कधी गेलायस?"

"सतरा-अठरा वेळा तरी. कुंपणाची जुनी बाजू धरली तर दोन घळी टळतात."

"मग तू पुढे हो."

मी चार नंबर लिहिले, वेळ टाकली, वायरलेसवर कळवलं. तासाभरानं आणखी दोघं आत येऊन बाकावर बसले, आणि त्यांनाही दोघं हवे होते.